एकाच उन्हातले दोन चेहरे

लग्नाची वेळ दुपारी एकची मिळाली. कोलोनला नोंदणी विवाह कधी लागायचा ते कचेरीतल्या मोकळ्या वेळांवर ठरतं, मुहूर्तावर नाही. माझ्या मामेबहिणीला जुन्या रथाउसमध्येच, म्हणजे शहराच्या ऐतिहासिक नगरभवनातच लग्न करायचं होतं आणि जुलैमधल्या त्या शुक्रवारी तिथे तेवढी एकच वेळ शिल्लक होती. तिचा फोन आला, "दादा, फोटो तूच काढायचेस. दीडला आम्ही बाहेर येऊ."

दीड म्हणजे उन्हाची सगळ्यात कठीण वेळ. जर्मनीत घड्याळ उन्हाळ्यात एक तास पुढे केलेलं असतं आणि कोलोन देशाच्या अगदी पश्चिमेला आहे. त्यामुळे इथे बाराला सूर्य अजून चढतच असतो. तो सगळ्यात उंच जातो दीड-पावणेदोनच्या सुमारास, जुलैच्या मध्यावर साधारण साठ अंशांपर्यंत. साताऱ्यात मे महिन्यात तो थेट डोक्यावर येतो आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या करून टाकतो. इथे तो थोडा कललेला असतो. माणसाला योग्य बाजूला वळवलं तर डोळ्यांत उजेड पोचतो, पण नाकाची सावली ओठावर पडायची ती पडतेच.

मामा-मामी लग्नासाठी साताऱ्याहून आले होते. आदल्या संध्याकाळी आम्ही ऱ्हाईनच्या काठाने चालत होतो. नऊ वाजून गेले तरी ऊन होतं, आणि काय ऊन होतं! तिरपं, मऊ, चेहऱ्यावर समोरून येणारं. तेव्हा मामी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "उद्या तिला उन्हात उभी करू नकोस हं. जावई इतके गोरे, ही शेजारी काळी दिसेल. नाहीतर मागाहून जरा उजळ करून दे."

मामींच्या बोलण्यात लेकीबद्दल काळजी होती. मुलगी सावळी आहे हे त्यांनी तिच्या लहानपणापासून इतक्या जणांकडून ऐकलंय की फोटो म्हटलं की तीच धास्ती आधी वर येते. मी साताऱ्यातल्या एका स्टुडिओत काम शिकलो. 'जरा उजळ काढा' हे वाक्य तिथे रोज ऐकायला मिळायचं, अगदी पासपोर्टच्या फोटोलासुद्धा. आमचे मालक मान हलवायचे आणि प्रिंट काढताना चेहरा फिका करून द्यायचे. गिऱ्हाईक खूश व्हायचं. मला मात्र त्या प्रिंटमध्ये समोरचं माणूस सापडायचं नाही. गालाचं हाड, हनुवटीखालची गोलाई, भुवईवरचा घाव, सगळं त्या फिकेपणात वाहून गेलेलं असायचं.

म्हणून मामींना मी तिथल्या तिथे शब्द दिला नाही. एवढंच म्हणालो, "मामी, ती जशी आहे तशी छान येईल. जावईही येतील."

यात तांत्रिक अडचण खरी आहे, ती मामींच्या मनातली नाही. कॅमेऱ्यातलं मीटर मोजतं ते वस्तूवरून परत येणारा उजेड. समोर जे असेल ते सरासरी करड्या रंगाचं आहे, म्हणजे पडलेल्यापैकी सुमारे अठरा टक्के उजेड परत फेकणारं आहे, असं ते धरून चालतं. नवऱ्याचा पांढरा शर्ट आणि गोरा चेहरा चौकटीत जास्त आला की ते फोटो गडद करतं आणि नवरी अंधारात जाते. तिची गडद हिरवी पैठणी जास्त आली की ते फोटो उजळ करतं आणि नवऱ्याचं कपाळ कागदासारखं कोरं होतं. दोघं एका चौकटीत असली की यंत्राचा असा झोका सुरू होतो. त्यातून फिल्मच्या जमान्यात रंगांचं माप ठरवतानाही सावळा चेहरा समोर नव्हताच. कोडॅकने प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी पाठवलेल्या नमुना छायाचित्रांत वर्षानुवर्षं गोरी बाई असे.

यावरचा उपाय जुना आणि साधा आहे: परत येणारा उजेड मोजायचा नाही, पडणारा मोजायचा. माझ्याकडे गोसेनचं एक जुनं लाइटमीटर आहे, एर्लांगेनमध्ये बनलेलं, इथल्याच एका जुन्या बाजारात घेतलेलं. त्याच्या काचेवर पांढरं आवरण सरकवायचं, ते चेहऱ्यापाशी धरून तोंड कॅमेऱ्याकडे करायचं. मग समोर कोण उभं आहे याच्याशी त्या मीटरला काही देणंघेणं नसतं. ऊन दोघांवर सारखंच पडतंय, तर माप एकच. त्या मापाने सावळा सावळा येतो, गोरा गोरा येतो, आणि दोघांच्याही चेहऱ्याचे बारकावे टिकतात. लाइटमीटर नसेल तर आपला तळहात त्याच उन्हात धरून मोजावा आणि एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, द्यावा. माणसांचे चेहरे रंगाने कितीही वेगळे असले तरी तळहातांत फार फरक नसतो.

हे मला पुस्तकातून कळलं होतं, पण त्यावर विश्वास बसला तो याच शहरात, आउगुस्ट सांडरची छायाचित्रं पाहून. सांडर कोलोनचा. १९१० नंतर तो जवळच्या वेस्टरवाल्ड भागात जाऊन शेतकऱ्यांची छायाचित्रं काढू लागला. १९१४ मधलं त्याचं तीन तरुण शेतकऱ्यांचं छायाचित्र जगभर माहीत आहे: काळे सूट, हॅट, हातात काठ्या, नाचाला निघालेले. सगळं उघड्यावर, नैसर्गिक उजेडात. त्याचा संग्रह कोलोनच्या मेडियापार्कमध्ये आहे आणि मूळ प्रिंट्ससमोर उभं राहण्यासाठी मी तिथे जात असतो. त्या काळच्या काचपट्ट्यांना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. म्हणून उन्हातान्हात राबलेले ते गोऱ्या शेतकऱ्यांचे रापलेले चेहरे चांगलेच गडद आलेत. प्रत्येक सुरकुती जागेवर आहे, आणि सांडरने ती खोडलेली नाही. साखर घोळलेल्या छायाचित्रांचा त्याला तिटकारा होता. १९२९ साली त्याने 'आंटलिट्झ डेर त्साइट' नावाने साठ चेहऱ्यांचं पुस्तक काढलं. १९३६ मध्ये नाझींनी त्याचे छपाईचे ठसे नष्ट केले. जर्मन माणसाचा जो एक आदर्श चेहरा त्यांना हवा होता, त्यात हे खरे चेहरे बसत नव्हते. चेहरा आहे तसा दाखवणं ही काही केवळ तंत्राची गोष्ट नाही, हे मी त्या प्रिंट्ससमोर शिकलो.

लग्नाच्या दिवशी आकाशात ढग नव्हता. मी बाराच्या आधीच जाऊन जागा पाहिली. रथाउसच्या दर्शनी बाजूला दगडी कमानींची एक दुमजली ओसरी आहे, १५६९ ते १५७३ या काळात बांधलेली. कोलोनचे लोक तिला 'लाउबे' म्हणतात. तिचं तोंड पश्चिमेला. म्हणजे दीडला, सूर्य दक्षिणेला असताना, आत सावली आणि समोर उन्हाने भरलेली मोकळी जागा. भर दुपारी चेहऱ्यासाठी याहून चांगली जागा मागून मिळाली नसती. ओसरीच्या अगदी कडेला, सावली संपते तिथे माणूस उभं केलं की वरचं ऊन कमान अडवते आणि समोरच्या फरसबंदीवरून, भिंतींवरून आलेला उजेड आडवा चेहऱ्यावर येतो. डोळ्यांच्या खोबणी भरतात, बुबुळात चमक येते. दोन पावलं आत गेलं की मात्र ही जादू संपते, तिथे नुसता अंधार.

मापं घेऊन ठेवली. उन्हात आयएसओ १०० ला एफ २.८ वर १/३२००, म्हणजे जुन्या लोकांच्या 'उन्हाला एफ १६' या नियमाबरहुकूम. ओसरीच्या कडेला त्याच एफ २.८ वर १/४००. तीन स्टॉपचा फरक.

दोघं बाहेर आली तेव्हा मित्रमंडळींनी त्यांना उन्हातच घेरलं. जावयाचे डोळे निळे आहेत. अशा डोळ्यांत रंगद्रव्य कमी, त्यांना ऊन जास्त टोचतं, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सगळ्यांना सूर्याकडे पाठ करायला सांगितली. केसांना, खांद्यांना उन्हाची कड आली, चेहरे सावलीत. त्या मोठ्या गटाला फ्लॅश वापरला. भर उन्हात फ्लॅश कशाला, असं मामांनी विचारलं. याचसाठी, की ऊन मागे आहे. पण पडद्याच्या शटरचा माझा कॅमेरा फ्लॅशला १/२०० च्या वर साथ देत नाही, मग एफ ११ लागतो आणि मागची प्रत्येक खिडकी स्पष्ट दिसते. गटाच्या फोटोला ते चालतं. दोघांच्याच फोटोला मला ते नको होतं. म्युनिकच्या डेकेल कारखान्यातलं कॉम्पुर शटर पाकळ्यांचं होतं, ते १/५०० लाही फ्लॅशशी जुळायचं. ब्राउनश्वाइगच्या रोलायफ्लेक्समध्ये ते असायचं आणि उन्हातल्या चेहऱ्यांसाठी लोक तो कॅमेरा अजून का जपतात ते यावरून कळेल.

मग त्या दोघांना ओसरीच्या कडेला आणलं. सावलीतला उजेड निळ्या आकाशातून येतो, म्हणून तो निळसर असतो. गोऱ्या चेहऱ्यावर तो थंडसा वाटतो एवढंच, पण सावळ्या त्वचेवर राखट थर चढवतो. 'काळी दिसते' असं लोक म्हणतात तेव्हा पुष्कळदा त्यांना हा राखटपणा दिसत असतो. त्वचेचा त्यात काही दोष नाही. व्हाइट बॅलन्स सात हजार केल्विनपर्यंत नेला की तिच्या गालाचा तांबूस तपकिरी रंग परत येतो. आणखी एक करायचं होतं. मी मामांना म्हणालो, "मामा, तुमचं उपरणं द्या, आणि इथे उन्हात धरून उभे राहा." पांढरं सुती उपरणं दोन्ही हातांनी ताणून ते कमानीबाहेर उभे राहिले. चंदेरी रिफ्लेक्टरने डोळे दिपतात, सुती कापडाने तसं होत नाही. कापडावरून परतलेलं ऊन सावलीपेक्षा उबदार असतं. ते तिच्या गालावर बाजूने आलं आणि चेहऱ्याला घडण आली. सावळ्या त्वचेला नुसता जास्त उजेड नको असतो. मोठ्या पृष्ठभागावरून येणारा हवा असतो, म्हणजे कातडीवर मऊ तकाकी धरते आणि तिच्यातून चेहऱ्याची ठेवण दिसते. मीटर तिच्या गालापाशी धरलं, मग त्याच्या. माप तेच.

रात्री घरी लॅपटॉपवर फोटो दाखवले. मामी बराच वेळ एकाच फोटोपाशी थांबल्या, मग म्हणाल्या, "थोडं, अगदी थोडं उजळ केलं तर?" मी त्यांच्यासमोरच केलं. आधी पैठणीच्या पदरावरच्या जरीचा एक पांढरा पट्टा झाला, मग तिच्या गालावरची खळी गेली, मग जावयाचं कपाळ गेलं. मी परत होतं तिथे आणलं. खळी परत आली. मामी म्हणाल्या, "राहू दे असंच." आणि थोड्या वेळाने, "साताऱ्याच्या लग्नातही असेच येतील का?"

साताऱ्याचं लग्न, म्हणजे याच दोघांचं विधींसह, डिसेंबरात आहे. त्या दिवसांत कोलोनला भर दुपारीही सूर्य सोळा अंशांच्या वर जात नाही, दिवसभर त्या जुलैच्या संध्याकाळसारखा तिरपा उजेड, अर्थात सूर्य दिसला तर. साताऱ्यात मात्र तो दुपारी एकोणपन्नास अंशांवर असेल आणि ऊन स्वच्छ. दुपारचं ऊन मांडवाचं कापड अडवेल, पण कापडाचा रंग चेहऱ्यांवर उतरेल. लाल-पिवळ्या मांडवाखाली सगळं वऱ्हाड लाल-पिवळं होतं आणि मग कितीही व्हाइट बॅलन्स फिरवा, साडीचा हिरवा जागेवर येत नाही. मी मामांना सांगितलं, निदान बोहल्यावरचं कापड पांढरं घ्या आणि पूर्वेची बाजू उघडी ठेवा, सकाळचे विधी तिथे करू. मामींना पांढरा मांडव पटेना, शुभकार्यात पांढरं कसं चालेल म्हणाल्या. शेवटी झालर लाल आणि वरचं छत मोतिया रंगाचं असं ठरलं. मामांनी तिथूनच मांडववाल्याला फोन लावला. साताऱ्यात तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता, तो कुणी उचलला नाही.