कापलेली डावी कड

केंद्र सरकारच्या कार्यालयांत 1985 साली पाच दिवसांचा आठवडा सुरू झाला तेव्हा मी शाळेत होतो. त्या निर्णयाने कार्यक्षमता वाढली की घटली, यावर आमच्याकडे जेवणाच्या सुट्टीत अजूनही वाद रंगतात. माझ्यापुरते म्हणाल तर त्या निर्णयाने मला एक छंद दिला. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत शनिवारही फायलींतच गेले. पुढे एका बदलीच्या गावी फिल्मचा जुना कॅमेरा विकत घेतला आणि तेव्हापासून, जिथे पदस्थापना असेल तिथला शनिवारचा पहाटेचा उजेड माझा, असा एक अलिखित करार घरात झाला. छत्तीस चित्रांचा रोल दोन महिने पुरवायचा, ही त्या काळची शिस्त होती. डिजिटल कॅमेरा आला आणि पुढच्या चित्राचा सीमांत खर्च शून्यावर आला. अर्थशास्त्राचा कोणताही विद्यार्थी सांगेल, की मग उपभोग वाढतो आणि प्रत्येक नगाची किंमत मनात उतरते. माझेही तेच झाले.

2022 च्या जुलैत कोलकात्याला बदली झाली. पहिल्या वर्षी सगळेच हौशी छायाचित्रकार करतात ते मीही केले: हावडा पुलाखालचा मल्लिक घाटाचा फूलबाजार, कुमारटुलीतल्या अर्धवट मातीच्या दुर्गा, पावसात भिजलेली ट्राम. त्या चित्रांबद्दल येथे काही लिहीत नाही. ती आपण सर्वांनी पाहिलेली आहेत, आणि माझी त्यांहून बरी नाहीत. मग कार्यालयातल्या एका बंगाली सहकाऱ्याने विचारले, "सर, आपण रोज जे मासे खाता ते कुठून येतात, ते पाहिले आहे का?" (मी कोलकात्यात येऊन मासे खायला लागलो, हे गावाकडे अजून सांगितलेले नाही.)

सायन्स सिटीवरून पूर्वेला बासंती रस्त्याने निघाले की काही मिनिटांत शहर संपते आणि दोन्ही बाजूंना पाणी सुरू होते. या उथळ, बांध घातलेल्या तलावांना तिथे 'भेरी' म्हणतात. कोलकात्याच्या मोठ्या भागाचे सांडपाणी कालव्यांतून या बाजूला येते. ते बेताबेताने भेरीत सोडतात. ऊन आणि जिवाणू त्यातली घाण फोडतात, पाण्यावर शेवाळ धरते, ते शेवाळ रोहू, कटला, मृगळ आणि तिलापिया खातात, आणि आपण रोहू खातो. बांधाच्या कडेने जलपर्णी मुद्दाम बांधून ठेवतात, म्हणजे लाटांनी बांध खचत नाही. अन्यत्र जी वनस्पती काढण्यासाठी नगरपालिका निविदा काढतात, ती येथे कामाला लावलेली आहे. सुमारे 12,500 हेक्टरांचा हा प्रदेश 2002 साली रामसर यादीत गेला. त्याचे महत्त्व जगाला समजावून सांगणारे ध्रुवज्योती घोष हे राज्य सरकारचेच अभियंता होते. 2018 साली ते गेले. एका सरकारी नोकराने कालव्यांतले पाणी जाते कुठे, हे पायी फिरून शोधले, ही गोष्ट मला आमच्या प्रशिक्षण संस्थांत शिकवल्या जाणाऱ्या अनेक व्याख्यानांपेक्षा मोलाची वाटते.

अर्थात तलावाच्या मालकाला पैसे मिळतात ते फक्त माशांचे. शहराचे पाणी स्वच्छ करून दिल्याचे बिल तो कुणाला पाठवणार? पिगूने 1920 साली हा तिढा पुस्तकात मांडून ठेवला आहे: ज्याचा लाभ सर्वांना आणि मोबदला कुणाचाच नाही, ते बाजारात कमी पडत जाते. शेजारी शहर वाढते आहे, आणि कोरड्या जमिनीचा भाव माशांच्या भावाशी तुलना करण्याच्या पलीकडे गेला आहे. म्हणून 1992 साली कोलकाता उच्च न्यायालयाला जमिनीचा वापर बदलण्यास मनाई करावी लागली आणि 2006 साली राज्याने स्वतंत्र कायदा केला. कायदा चांगला आहे. मी तो वाचला आहे.

तिथे एका भेरीवर माझी ओळख राखणदाराशी झाली. वय पासष्टच्या आसपास. मी त्यांना दादा म्हणतो, तेही मला दादा म्हणतात. बंगालात वयाचा हिशेब असा सोपा आहे. मी महाराष्ट्रातला हे कळल्यावर ते मोठ्याने हसले आणि झोपडीतल्या नातवाला म्हणाले, "झोप आता, बर्गी आला." बर्गी म्हणजे आपले बारगीर. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांची आठवण बंगाली आयांनी अंगाईत जपून ठेवली आहे. 1742 साली त्या भीतीने कोलकातेकरांनी शहराभोवती 'मराठा खंदक' खणायला घेतला, तो अर्धाच राहिला आणि 1799 साली बराचसा बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. मी हे सांगितल्यावर दादा म्हणाले, "म्हणजे बुजवायची सवय जुनीच आहे." तेव्हा मी हसलो. त्या वाक्यात काही वेगळे होते, ते मला नंतर समजले.

2024 च्या फेब्रुवारीत तिथे मला माझे आजवरचे सर्वांत चांगले चित्र मिळाले. धुके उतरत होते, सूर्य अगदी खाली होता, आणि आठ माणसे छातीभर पाण्यात अर्धवर्तुळ करून जाळे ओढत होती. मासे उसळत होते. दोघे जण ॲल्युमिनियमच्या हंड्यांतले पाणी हाताने सपासप हलवत होते, कारण मासा बाजारात जिवंत पोचला तर भाव वेगळा मिळतो. घरी येऊन मी ते चित्र संगणकावर उघडले आणि डावीकडचा पाचवा हिस्सा कापून टाकला. तिथे मातीचा आणि फुटक्या विटांचा ढीग होता. त्याने रचना बिघडत होती. मग मोठी प्रत काढून घेतली, दिवाणखान्यात लावली. दुसरी दादांना नेऊन दिली.

त्यांनी ती हातात धरून बराच वेळ पाहिली. प्रत्येक माणसाचे नाव सांगितले. मग बोट डाव्या कडेवर ठेवून म्हणाले, "दादा, इथे तो ढीग होता. तो कुठे गेला?"

मी म्हणालो, "तो चांगला दिसत नव्हता."

"नाही, चांगला नव्हताच," ते म्हणाले. आणि मग त्यांनी मला बांधाच्या त्या टोकाला नेले. जिथे मी उभा राहून चित्र घेतले होते तिथून डावीकडचा तलावाचा कोपरा आता नव्हता. त्यावर सपाट माती होती आणि चार बांबू रोवलेले होते. रात्री ट्रक येतात, ते म्हणाले. एका रात्री दोन, मग महिनाभर कुणी नाही. मच्छीमारांनी तक्रार केली तेव्हा उत्तर मिळाले, की ही जागा पूर्वीपासून कोरडीच आहे. "आपल्या यंत्रात तारीख असते ना?"

असते. त्याच रात्री मी मूळ चित्र शोधून काढले. ढीग होता, ढिगाच्या पायथ्याशी पाणी होते, पाण्यात जलपर्णीची बांधलेली कड होती. ही जागा कोरडी नव्हती हे कुणालाही दिसावे इतके ते स्पष्ट होते. तारीख मात्र 2015 ची निघाली. कॅमेऱ्याची बॅटरी बराच काळ काढून ठेवली होती, त्याचे घड्याळ मागे गेले, आणि चित्रे चांगली येत असताना तारीख लावण्याचा कंटाळा मी दोन वर्षे केला. असा पुरावा माझ्या टेबलावर आला असता तर मी समासात काय शेरा मारला असता, हे मला ठाऊक आहे. त्या सकाळी मीच तिथे होतो, एवढेच त्या तारखेला आधार. म्हणजे कुणीतरी तसे लिहून सही करायला हवी.

आणि येथे आचरण नियम आड आले. 1964 च्या नियमांतला दहावा नियम सांगतो, की पूर्वपरवानगीवाचून सरकारी नोकराने कोणत्याही व्यक्तीने, समितीने वा अधिकाऱ्याने चालविलेल्या चौकशीत साक्ष देऊ नये. माझे खाते महसुलाचे. पाण्याशी आणि मातीशी त्याचा काही संबंध नाही. परवानगी मागायची तर कारण लिहावे लागणार, आणि कारण वाचून वरिष्ठ विचारणार, की हे आपण करता कशाला. मात्र त्याच नियमाचे तिसरे पोटकलमही मी वाचले: सरकारने, संसदेने वा राज्य विधिमंडळाने नेमलेल्या अधिकाऱ्यापुढील चौकशीला, न्यायालयीन चौकशीला आणि खातेनिहाय चौकशीला हा निर्बंध लागू नाही. म्हणजे वाट नियमातच होती. तक्रार योग्य ठिकाणी गेली आणि चौकशी लागली तर मला कदाचित कुणाला विचारण्याचीही गरज नव्हती. मी ते पोटकलम तीन वेळा वाचले आणि तिन्ही वेळा त्यात शंका काढली. तीस वर्षांच्या नोकरीने एवढे कौशल्य दिले आहे.

आठवडाभर हे चालल्यावर घरातून ऐकावे लागले. "अहो, परवानगी मागायची तर मागा, नाहीतर सोडून द्या. पण रोज रात्री कपाळाला आठ्या घालून त्या चित्रासमोर बसू नका."

आपण महाराष्ट्राबाहेर राहणारी मंडळी ज्या गावात राहतो त्या गावाचे कितीसे असतो, हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांनी मनात केव्हातरी विचारला असेल. बदलीच्या माणसाला त्याचे उत्तर सोयीचे असते: तीन वर्षे, मग दुसरे गाव. मीही त्या सोयीचा आधार घेतला, हे कबूल करतो.

पुढच्या शनिवारी मूळ चित्राच्या न कापलेल्या चार प्रती घेऊन मी भेरीवर गेलो. दादांनी त्या झोपडीतल्या खाटेवर मांडल्या. ढीग पाहून त्यांनी मान हलवली, समाधानाने. मग एक प्रत पालथी केली, नातवाच्या दप्तरातले पेन मला दिले आणि म्हणाले, "तारीख लिहा दादा. आणि खाली आपले नाव."

मी चारही प्रतींवर खरी तारीख, वेळ आणि बांधाचे टोक कोणते, ते लिहिले. अक्षर माझे ओळखण्याजोगे आहे. सही केली नाही. त्यांनी पेन परत घेतले, टोपण लावले, आणि चहा ठेवायला नातवाला सांगितले.

घरच्या भिंतीवरची कापलेली प्रत मी उतरवली आहे. त्या जागी दुसरी अजून लावलेली नाही. दहाव्या नियमाखालच्या परवानगीचा अर्ज लिहून ठेवला आहे, दीड पानांचा, मुद्देसूद. तो टेबलाच्या खालच्या खणात आहे. परवा पहाटे गेलो तेव्हा पाण्यावर धुके होते, पण कॅमेरा पिशवीतून काढावासा वाटला नाही. निघण्यापूर्वी त्याचे घड्याळ मात्र लावून घेतले होते.