वर्गातली हवा, घरातला खोकला

शाळेत एखाद्या मुलाला टीबी निघाला की मुख्याध्यापकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "डॉक्टर, त्याला घरी बसवू का?" नळदुर्ग असो, अणदूर असो की जळकोट, प्रश्न बदलत नाही. क्षयरुग्णाच्या संपर्कातली माणसं शोधणं हे माझं काम. त्यामुळे माझा उलट प्रश्नही ठरलेला आहे : मूल कितवीत आहे?

तपासाची दिशा त्या उत्तरावर ठरते. पहिली-दुसरीतल्या मुलाच्या फुप्फुसात जंतू थोडे असतात, खोकल्याला जोर नसतो, बेडका ते गिळूनच टाकतं. म्हणून लहान मुलांचं निदान करायला पहाटे उपाशीपोटी नळी घालून जठरातलं पाणी काढावं लागतं. असं मूल सहसा वर्गाला आजार देत नाही. त्यालाच कुणा मोठ्या माणसाकडून तो मिळालेला असतो. तेव्हा मी आधी त्याच्या घरी जातो, वर्गाकडे नंतर वळतो. नववी-दहावीचा विद्यार्थी असेल तर गोष्ट वेगळी. या वयात आजार मोठ्यांसारखा होतो, फुप्फुसात पोकळी पडते, बेडक्यात जंतू भरपूर असतात. तिथे वर्गात त्याच दिवशी शिरावं लागतं.

आमच्याकडे 'घर' शोधणं हेही एक काम असतं. दसरा-दिवाळी उरकली की ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. लेकरं आजी-आजोबांकडे राहतात, नाहीतर हंगामी वसतिगृहात. मुलाच्या अंगी जंतू शिरला तो कुणाच्या घरात, कोणत्या फडावरच्या खोपीत, कोणत्या महिन्यात, हे विचारत बसावं लागतं. ओसरीवर बाजेवर बसलेल्या म्हाताऱ्याकडे बोट दाखवून घरचे सांगतात, "आज्याचा खोकला जुनाच हाय, बिडीचा." नेमक्या त्या जुन्या खोकल्याचीच थुंकी मला आधी हवी असते. आणि खोकला नाही म्हणणाऱ्याच्याही छातीचा फोटो हवा असतो. २०१९ ते २०२१ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात जे रुग्ण सापडले, त्यांतले शंभरातले बेचाळीस-त्रेचाळीस फोटो काढलाच नसता तर निसटले असते. नुसती लक्षणं विचारून घर 'निर्धोक' ठरवणाऱ्या तपासणीवर माझा विश्वास नाही, तो यामुळे.

वर्गातला तपास पाण्यात खडा टाकल्यावर उठणाऱ्या वर्तुळांसारखा करायचा असतो. सर्वांत आतल्या वर्तुळात एका बाकावरची, एका खोलीत झोपणारी, रोज एकाच जीपने किंवा एकाच शिकवणीला जाणारी मुलं. त्यांच्यात नेहमीपेक्षा जास्त संसर्ग दिसला तरच पुढच्या वर्तुळात जायचं. एकदम सगळी शाळा रांगेत उभी केली तर घबराट पसरते आणि ज्यांना खरा धोका आहे ती दहा-बारा मुलं गर्दीत हरवतात. मला शाळेकडून दोनच कागद लागतात : हजेरीपट आणि वेळापत्रक. तिसरी गोष्ट वर्गशिक्षिकेला फळ्यावर काढायला सांगतो, ती म्हणजे बाकांची मांडणी, खिडक्या-दारांसकट. बाई खडूने चौकोन काढत जातात, आणि मध्येच थांबून म्हणतात, "ही तर डिसेंबरपर्यंत पलीकडच्या बाकावर होती." तो डिसेंबर मला महत्त्वाचा असतो. खोकला कधी सुरू झाला, औषध कधी सुरू झालं, आणि त्या मधल्या काळात कोण किती तास शेजारी होतं, एवढ्यात सगळा तपास आला.

तासांचा हा हिशेब किती खरा असतो हे इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात दिसलं. २००१ साली तिथल्या क्राउन हिल्स कम्युनिटी कॉलेज या शाळेत उद्रेक झाला. बरेच विद्यार्थी भारतीय वंशाच्या घरांतले. एका विद्यार्थ्याच्या खोकल्याचं निदान वेळेत झालं नव्हतं. साठाहून अधिक जणांना आजार झाला आणि अडीचशेच्या आसपास मुलांच्या शरीरात सुप्त संसर्ग सापडला. अजित लालवानी यांच्या चमूने शाळेतल्या ५३५ मुलांची त्वचेवरची जुनी चाचणी आणि रक्ताची नवी चाचणी शेजारी ठेवून पाहिली. त्यासाठी शाळेचं वेळापत्रक वापरलं. त्या विद्यार्थ्यासोबत एका वर्गात जितके जास्त तास, तितकी रक्ताची चाचणी बाधित येण्याची शक्यता जास्त. जुन्या चाचणीचं हे नातं इतकं घट्ट नव्हतं, आणि बीसीजीची लस घेतलेल्यांमध्ये ती फसत होती.

आपल्याकडे जन्मल्यावर बीसीजी टोचतातच, त्यामुळे ही अडचण आपली रोजचीच. आता पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सीवाय-टीबी' ही त्वचा-चाचणी आली आहे, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. टोचायची पद्धत मात्र तीच : हाताच्या आतल्या बाजूला कातडीत ०.१ मिलिलिटर, आणि दोन-तीन दिवसांनी वाचन. वाचताना लाली मोजायची नसते, टणकपणा मोजायचा असतो. बॉलपेन कातडीवर बाहेरून आत हळूहळू सरकवत न्यायचं. जिथे ते अडतं तिथे थांबायचं. समोरच्या बाजूनेही तसंच. दोन रेघांमधलं अंतर पट्टीने मोजायचं. या नव्या चाचणीत पाच मिलिमीटर पुरतात. संसर्ग झाल्यावर चाचणीत दिसायला दोन महिन्यांपर्यंत वेळ जातो, म्हणून पहिल्या फेरीत संसर्ग न दिसलेल्या मुलांची आठ-दहा आठवड्यांनी दुसरी फेरी करायची. ही दुसरी फेरी परीक्षा आणि सुट्ट्यांच्या गडबडीत राहून जाते, आणि उद्रेकाचा उरलेला भाग तिथेच लपतो.

चाचणी बाधित आली म्हणजे टीबी झाला, असं नव्हे. आपल्या देशात पंधरा वर्षांवरच्या सुमारे एकतीस टक्के लोकांच्या शरीरात हा जंतू झोपलेला आहे. त्यांतल्या बहुतेकांना आजार कधीच होत नाही. पण नुकताच संसर्ग झालेल्या मुलाला पहिल्या दोन वर्षांत धोका सर्वांत जास्त. ताप, वजन, मानेतल्या गाठी, छातीचा फोटो बघून आजार नाही याची खात्री केली की आठवड्यातून एकदा अशा बारा मात्रांचं प्रतिबंधक औषध देता येतं. पालक विचारतात, "पोरगं ठणठणीत हाय, मग गोळ्या कशाला?" हे समजावण्यात माझा जितका वेळ जातो, तितका तपासणीत जात नाही. तो वेळ जायलाच हवा.

आता मुख्याध्यापकांच्या प्रश्नाकडे. १९५०च्या दशकाअखेरीस बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात रिचर्ड रायली यांनी क्षयरुग्णांच्या खोल्यांतली हवा नळ्यांतून गिनीपिगच्या पिंजऱ्यांत सोडली. हवेतूनच हा रोग जातो हे सिद्ध झालं, आणि परिणामकारक औषधं चालू असलेल्या रुग्णांकडून प्राण्यांना लागण जवळजवळ होत नाही, हेही. त्याच सुमारास मद्रासच्या क्षयरोग केंद्रात घरी उपचार घेणाऱ्यांची सॅनेटोरियममधल्यांशी तुलना झाली. उपचार घरी चालू असल्यामुळे घरच्यांना जास्त लागण झाली नाही. म्हणजे योग्य औषध सुरू झालं, दोनेक आठवडे गेले, मूल सुधारत असलं, की ते शाळेत यावं. जंतू औषधाला दाद देणारा आहे ना, एवढं मात्र आधी पाहून घ्यावं. गोव्यात बनणाऱ्या ट्रूनॅटसारख्या यंत्रावर रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाबाबतचा निकाल काही तासांत मिळतो. सहा महिने घरी बसवलेली मुलगी बहुतेकदा शाळेत परतत नाही. तिचं लग्न होतं. टीबीने घेतलं नसतं तेवढं शिक्षण आपण घेतो.

धोका असतो तो निदान न झालेल्याकडून, आणि बंद खोलीत. तैवानमध्ये तैपेईच्या एका विद्यापीठातल्या उद्रेकात २७ रुग्ण सापडले. तिथल्या कोंदट वर्गांत कार्बन डायऑक्साइड ३,००० पीपीएमच्या वर होता. हवा खेळती करून तो ६००च्या आसपास आणला, त्यानंतर नवे रुग्ण थांबले. नळदुर्गला पौषातल्या सकाळी खिडक्या गच्च लावून चाळीस मुलं बसवलेली मी बघतो, तेव्हा मला ते आकडे आठवतात. इथे पंखे-यंत्रं काही नको, समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या ठेवल्या तरी पुष्कळ.

सुटीनंतर शाळा भरेल तेव्हा शिक्षकांना एवढीच विनंती. वर्गात कुणी दोन आठवड्यांहून जास्त खोकत असेल, कुणाचं वजन वाढण्याऐवजी घटलं असेल, तर त्याला सरकारी दवाखान्यात धाडा. तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहे. शिक्षकांनी स्वतःचा खोकलाही दडवू नये. आणि टोळीसोबत निघालेल्या एखाद्या लेकराच्या किंवा त्याच्या आईबापांच्या गोळ्या चालू असतील, तर ट्रॅक्टर हलण्याआधी आशाताईंना कळवा. क्षयरुग्णांच्या सरकारी 'निक्षय' नोंदीवरून त्यांचं औषध जिथे ऊस असेल तिथल्या आरोग्य केंद्रात मिळतं.