‘म’चा ‘य’ कसा झाला



कायमचे बिघडलेले यंत्र परवडते. पंखा फिरत नाही म्हणजे फिरत नाही. खाली उतरवायचा, दुरुस्तीला द्यायचा. अधूनमधून बिघडणारे यंत्र मात्र माणसांत भांडणे लावते. चार दिवस नीट चालते, पाचव्या दिवशी कुणाच्या तरी हातात बंद पडते, आणि ज्याच्या हातात बंद पडले त्याच्याकडे सगळे बघू लागतात. आमच्या पॅरिश ऑफिसातल्या लॅपटॉपने गेल्या पावसाळ्यात नेमके हेच केले. त्याची हकिकत लिहायची ती एवढ्यासाठी की तिच्यात एका मुलीचे नाव खराब व्हायची वेळ आली होती.

खानापूर तालुक्यातले आमचे पॅरिश लहान, पण बाप्तिस्म्याच्या वह्या जुन्या. बेळगाव धर्मप्रांत 1953 साली झाला. त्याआधीची बरीच पाने पोर्तुगीज आणि लॅटिनमध्ये आहेत. शाई फिकी झालेली, कडा कसरीने खाल्लेल्या. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. जून ते सप्टेंबर कपाट उघडले की ओल्या कागदाचा वास येतो. लग्न ठरले की मुलगा किंवा मुलगी बाप्तिस्म्याचा ताजा दाखला मागायला येते, आणि साल नक्की माहीत नसेल तर एक नाव शोधायला अर्धी सकाळ जाते. म्हणून फादरांनी ठरवले की नावांची सूची करायची: नाव, आईवडील, तारीख, वही, पान. दाखला मूळ वहीतूनच लिहायचा, सूची फक्त शोधण्यासाठी.

टायपिंगचे काम बीएच्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीने अंगावर घेतले. धर्मशिक्षणाच्या वर्गात ती आमच्याच हाताखाली शिकलेली. मराठी टायपिंग तिने क्लास लावून केलेले, इनस्क्रिप्ट पद्धतीचे, म्हणजे सरकारी परीक्षांना चालते ते. लॅपटॉप पुण्याला नोकरीला असलेल्या एका कुटुंबाने दिलेला, चांगला पंधरा वर्षांचा. दिलेल्या गाईचे दात मोजू नयेत हे खरे, पण या गाईचे दात पुढे मोजावेच लागले.

आधी निळा पडदा येऊ लागला. काम चालू असताना एकाएकी सगळे निळे, खाली इंग्रजीत एक कोड, आणि यंत्र आपोआप पुन्हा सुरू. कधी दिवसातून दोनदा, कधी आठवडाभर नाही. मग दुसरे दुखणे. ऑगस्टमध्ये फादरांनी सूची अक्षरानुसार लावून बघितली तर ‘य’खाली नावांची रांग उभी. यिंगेल, यारिया, यार्था. आपल्याकडे ‘य’ने सुरू होणारी माणसे किती असतील? हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मिंगेल, मारिया आणि मार्था तिकडे जाऊन बसली होती. पेद्रूचा फेद्रू, दुमिंगचा धुमिंग. 1962 सालचा बाप्तिस्मा 1963मध्ये.

कौन्सिलच्या बैठकीत व्हायचे तेच झाले. एक जण म्हणाले, ‘पोरगी एका हाताने मोबाईल बघत टाइप करते.’ दुसरे म्हणाले, ‘कुठला तरी पेन ड्राइव्ह लावून व्हायरस तिनेच आणला असेल.’ हे म्हणणारे लोक वाईट नाहीत. त्यातले एक दर शनिवारी स्वतः चर्च झाडतात. पण गोष्ट गावात फिरली. पुढचे दोन रविवार ती ऑफिसात आली नाही. तिची आई मिस्सानंतर आम्हाला बाहेर भेटली आणि एवढेच म्हणाली, ‘तिने मन लावून केलंय हो.’

आम्ही कलाशाखेचे. यंत्राचे पोट आम्हाला कळत नाही. पण चुकांची यादी समोर ठेवली तर तिच्याकडे बघता येते. फादर, आम्ही आणि हॉस्पिटलात मशिनरी सांभाळणारा पॅरिशमधला एक तरुण, असे तिघे बसलो. पहिल्या दोन वह्यांच्या दोन हजारांवर नोंदी मूळ पानांशी ताडल्या तेव्हा 41 चुका निघाल्या. त्या तरुणाने एका कागदावर दोन रकाने केले: काय हवे होते, काय झाले. म चा य. स चा ह, म्हणजे सांतानचा हांतान. प चा फ, द चा ध, ब चा भ. एका ठिकाणी अनुस्वाराच्या जागी विसर्ग. आकड्यांत 2 चा 3, 4 चा 5.

तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, ‘सर, ही माणसाची चूक नाही.’

आता थोडे समजावून घ्यावे लागेल, पण कंटाळू नका, अवघड नाही. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. युनिकोड नावाच्या पद्धतीत प्रत्येक अक्षराला क्रमांक दिलेला आहे. म चा क्रमांक 2350, य चा 2351. प 2346, फ 2347. स 2360, ह 2361. हा क्रमांक यंत्राच्या आत शून्य आणि एकच्या ओळीत मांडलेला असतो, आणि त्या ओळीतले शेवटचे घर शून्य असेल तर संख्या सम, एक असेल तर विषम. ते एकच घर शून्याचे एक झाले की म चा य होतो. बाकी काहीही हलायला नको.

यादीत 41पैकी 29 चुका अशाच, सम क्रमांकावरून पुढच्या विषम क्रमांकावर गेलेल्या. उलट दिशेची, म्हणजे फ चा प किंवा य चा म, अशी चूक त्या जातीत एकही नाही. माणूस चुकतो तेव्हा दोन्हीकडे चुकतो. शिवाय इनस्क्रिप्टमध्ये प आणि फ एकाच कळीवर असतात, शिफ्ट दाबली तर फ. तिथे बोट चुकू शकते. पण म आहे डाव्या हाताखाली, इंग्रजी सी च्या कळीवर, आणि य आहे उजव्या टोकाला, तिरप्या रेषेच्या कळीवर. मोबाईल बघत टाइप केले तरी डाव्या हाताचे बोट तिकडे जाणार नाही.

हे ऐकून आम्हाला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. पण फादर वकिलाच्या घरातले. ते म्हणाले, ‘हा अंदाज झाला. पुरावा आणा.’

संशयित बरेच होते. आमच्याकडची वीज, पंख्यात अडकलेली धूळ आणि त्यामुळे येणारी उष्णता, व्हायरस, हार्ड डिस्क, आणि रॅम. त्या तरुणाचा एकच आग्रह: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सगळे एकदम साफ केले, बदलले आणि यंत्र सुधारले, तर दोष कुणाचा होता ते कधीच कळत नाही. आणि नाही सुधारले तर आणखी गोंधळ. पंखा साफ केला, चार दिवस वाट बघितली. निळा पडदा आला. व्हायरस तपासला, काही नाही. डिस्क तपासली, ठीक. मात्र निळ्या पडद्यावरचा कोड दर वेळी वेगळा येत होता, आणि तोच त्याला रॅमकडे नेत होता. एकच प्रोग्रॅम बिघडला असेल तर तो सहसा एकाच जागी पडतो. रॅम बिघडली असेल तर त्या क्षणी त्या जागेवर जे कुणी बसले असेल ते पडते.

रॅम म्हणजे यंत्राची फळ्यावरची लिहापुशी. काम चालू असेपर्यंतच ती टिकते. तिच्या प्रत्येक घरात विजेचा एक अगदी लहान साठा असतो, आणि तो गळत राहतो. म्हणून साधारण दर 64 मिलिसेकंदांच्या आत सगळी घरे पुन्हा वाचून भरावी लागतात. आमच्या लॅपटॉपात 2 जीबीच्या दोन पट्ट्या होत्या. म्हणजे सुमारे 3,436 कोटी घरे. त्यातली मूठभर खराब झाली तरी बाकीची कामे बिनबोभाट चालू राहतात, आणि डिस्कवर फाइल साठवताना यंत्र चुकीचे अक्षरही खरे समजूनच साठवते.

विंडोजमध्येच असलेली मेमरीची चाचणी लावली. तिने काही दोष नाही असे सांगितले. कौन्सिलमधल्या एकांनी लगेच ‘बघा’ म्हटले. तरुण म्हणाला, ही चाचणी थोडा वेळ चालते, गरम होऊन येणारा दोष तिला चुकतो. त्याने मेमटेस्ट86+ नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घातला. तो विंडोज सुरूच होऊ देत नाही. थेट रॅममध्ये ठरलेले आकडे लिहितो, परत वाचतो आणि ताडतो. रात्री दहाला लावला. ऑफिसला कुलूप लावले. रात्री वीज गेली नाही ही देवाची कृपा, कारण त्या लॅपटॉपची बॅटरी अर्धा तासही टिकत नाही.

सकाळी सहाच्या मिस्साआधी बघितले तर पडद्यावर लाल ओळी. पहिल्या दोन फेऱ्यांत काही नाही, तिसरीपासून चुका. जागा वेगवेगळ्या, पण बिघडलेला बिट प्रत्येक ओळीत तोच.

आता दोन पट्ट्यांतली कुठली? आणि पट्टी की तिची खाच? इथे आम्हाला दानिएलच्या पुस्तकातली सुसान्ना आठवली. दोन वडीलधाऱ्यांनी मिळून तिच्यावर आळ घेतला, लोकांनी विश्वास ठेवला, तिला मरणाची शिक्षा झाली. दानिएलने काय केले? दोघांना वेगळे केले आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: झाड कोणते? दोघांनी दोन झाडे सांगितली. धर्मशिक्षणाच्या वर्गात ही गोष्ट आम्ही कितीदा सांगितली असेल. पण त्यातली वेगळे करण्याची पायरी किती महत्त्वाची आहे हे स्क्रूड्रायव्हर हातात असताना जास्त कळले. दोन्ही पट्ट्या खाचेत असेपर्यंत दोघींची साक्ष एकत्रच येते.

लॅपटॉप बंद केला, चार्जर आणि बॅटरी काढली. पट्ट्यांचे सोनेरी दात खोडरबराने हलकेच पुसले, कारण आमच्या ओलीत दातांवर थर बसून नुसता संपर्कही बिघडतो. मग चार रात्री. पहिली पट्टी पहिल्या खाचेत, मग दुसऱ्या खाचेत. दुसरी पट्टी पहिल्या खाचेत, मग दुसऱ्या. पहिली पट्टी दोन्हीकडे निर्दोष. दुसरी दोन्हीकडे त्याच बिटवर चुकली. खाच सुटली, धूळ सुटली, पट्टी सापडली.

असे घरच्या लॅपटॉपवरच होते असे नाही. बेल्जियममध्ये 18 मे 2003च्या निवडणुकीत, ब्रसेल्सजवळच्या शारबीकमध्ये, एका उमेदवाराला मतदानयंत्राने 4,096 मते जास्त दिली. शक्य होती त्यापेक्षा मते जास्त भरली म्हणून ते पकडले गेले. 4,096 म्हणजे दोनाचा बारावा घात, एका घराची बरोबर किंमत. प्रोग्रॅममध्ये दोष सापडला नाही. एक बिट आपोआप उलटला असावा, हाच निष्कर्ष निघाला. मोठ्या सर्व्हरमध्ये म्हणून ईसीसी जातीची रॅम घालतात. ती प्रत्येक गटाबरोबर जादा बिट ठेवते आणि एक घर चुकले तर स्वतःच दुरुस्त करते. साध्या लॅपटॉपात ती सहसा नसते.

पुढच्या बैठकीत तो तरुण कागद, पट्टी आणि पडद्याचा फोटो घेऊन आला. ज्यांनी मोबाईलचे म्हटले होते त्यांनी दोनदा विचारून नीट समजावून घेतले आणि संध्याकाळी स्वतः तिच्या घरी गेले. काय बोलणे झाले ते आम्हाला माहीत नाही, विचारलेही नाही. पुढच्या रविवारी ती आली. आल्या आल्या तिने चुकांची यादी मागितली आणि ती वाचून म्हणाली, ‘या उरलेल्या बारा माझ्या असतील.’ असतीलही. प-फ आणि द-ध या जोड्यांतल्या काही तिच्या आणि काही पट्टीच्या असू शकतात, आणि ते वेगळे करायला आता काही साधन नाही. फादर म्हणाले, वेगळे करायचेच नाही, दुरुस्त करायचे.

पट्टीची ती जात आता दुकानात नवी मिळत नाही. बेळगावात जुन्या मालात एक मिळाली, तीही आधी एक रात्र मेमटेस्टवर ठेवून मगच वापरात घेतली. तेव्हापासून निळा पडदा आलेला नाही.

सूची मात्र पहिल्यापासून ताडावी लागते आहे, कारण खराब पट्टी केव्हापासून खराब होती ते कळायला मार्ग नाही. दर रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर दोघे बसतात. एक मूळ वही मोठ्याने वाचतो, दुसरा पडद्यावर बोट ठेवतो. ती मुलगी वाचते, कारण फिकी शाई तिच्याइतकी कुणाला लागत नाही. आम्ही 1931पर्यंत आलो आहोत. ज्यांना जुने पोर्तुगीज अक्षर थोडेफार लागते अशा वडीलधाऱ्यांनी तासभर येऊन बसले तर फार मदत होईल. चहा आमच्याकडून.