मागची खोली

एस. टी.च्या मागच्या बाकावर बसून ज्याने एकदा तरी फोंडा घाट उतरला आहे, तो माणूस जन्मात पुन्हा कशाचीही मागची जागा आपण होऊन मागणार नाही, अशी माझी परवापरवापर्यंत समजूत होती. मागे बसणाऱ्याच्या नशिबी धूळ, धूर आणि धक्के. घरातली मागची खोली अडगळीला, नाहीतर मुक्कामाला आलेल्या पाहुण्याला. चाळीतले मागच्या बाजूचे बिऱ्हाड म्हणजे भाडे चार रुपये कमी आणि समोर दिवसभर नळावरचा खडखडाट. सिनेमाला मागची खुर्ची महाग असते हे खरे. पण तिथे पडदा तरी पुढे असतो. मागे बसायचे, मागेच पाहायचे आणि त्यासाठी वर जास्तीचे पैसे मोजायचे, असे ठिकाण या पृथ्वीवर कुठे असेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हते. ते आहे; समुद्रावर आहे; आणि आमच्या सौभाग्यवतींनी ते बरोबर हुडकून काढले.

झाले असे की, आमची मुलगी व्हँकूव्हरला असते. 2024 च्या जूनमध्ये आम्ही तिच्याकडे जाणार होतो, आणि तिथून आम्हा दोघांना अलास्काच्या सात दिवसांच्या सफरीला धाडायचा बेत तिने आदल्या दिवाळीतच पक्का केला होता. तिला नि जावयांना रजा नव्हती. "बाबा, बाकी सगळं मी बघते. फक्त खोली तेवढी तुम्ही दोघं निवडा," असे म्हणून तिने एका टोलेजंग बोटीचा मजलावार नकाशा डोंबिवलीला पाठवून दिला, आणि आमच्या शांत संसारात महाभारत सुरू झाले.

खोली निवडायची म्हणजे काय, हेच आधी मला कळेना. भाऊच्या धक्क्यावरून कोकणात जाणाऱ्या आगबोटीत आम्ही वाढलो. वळकटी पसरण्यापुरती जागा, शेजारी पत्र्याची ट्रंक आणि उशाशी फिरकीचा तांब्या एवढी आमची इस्टेट. ती वारा लागेल अशा जागी मांडता आली की बाप सगळ्या कुटुंबाकडे विजयी मुद्रेने पाहत असे. इथे तर खोल्यांच्या चार जाती. पोटात असलेली, बिनखिडकीची, खिडकीची, पण ती न उघडणारी, गॅलरीची, आणि दिवाणखाना वगैरे असलेली संस्थानिकांची. गॅलरी हा शब्द माझा. नकाशात बाल्कनी म्हटले होते, पण जिथे खुर्ची टाकून चहा पिता येतो आणि टॉवेल वाळत घालता येतो तिला मुंबईचा माणूस गॅलरीच म्हणणार.

मी नकाशा पुढ्यात घेऊन पत्रिका पाहावी तसा पाहू लागलो. डोक्यावर काय आहे? नाचघर असेल तर मध्यरात्र उलटेपर्यंत धमधम, खानावळ असेल तर पहाटेपासून खुर्च्या सरकवल्याचा कर्कश आवाज. म्हणून वर आणि खाली, दोन्हीकडे राहत्या खोल्याच असाव्यात. लिफ्टला लागून नको, पण लिफ्टपासून मैलभर लांबही नको. या शोधात इंग्रजांची ती जुनी आख्यायिकाही आठवली. हिंदुस्थानात येणारे साहेबलोक तांबड्या समुद्रातले ऊन चुकवण्यासाठी येताना बोटीच्या डाव्या बाजूची आणि परत जाताना उजव्या बाजूची खोली धरीत, आणि त्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून 'पॉश' हा शब्द निघाला, असे सांगतात. शब्दांचा इतिहास लिहिणाऱ्यांना याचा काडीचाही पुरावा सापडलेला नाही. पण गोष्ट इतकी सोयीची आहे की ती मरत नाही. आणि खोली निवडण्याच्या कामी माणूस किती डोके खाजवतो, एवढे तर तिच्यावरून दिसतेच.

सगळा विचार करून मी बोटीच्या बरोबर मध्यावरची, खालच्या मजल्यावरची खोली मुक्रर केली. कारण उघड होते. मला बोट लागते. आपल्या भाषेत हे क्रियापद मोठे मार्मिक आहे. ऊन लागते, ठेच लागते, नजर लागते, तशीच बोट लागते. तिचा दोष तिचा, आपण बिचारे निमित्तमात्र. लाटेवर बोट लांबीच्या अंगाने हलू लागली की तिची नाळ वर जाते आणि पिछाडी खाली बसते, मग उलट; मुलांच्या बागेतल्या सीसॉसारखे. फळीच्या टोकावर बसलेले पोर उडते, मध्यावर बसलेल्याला फारसे काही होत नाही. एस. टी.चा मागचा बाक चाकांच्याही मागे असतो म्हणून उडतो, त्यातला हा प्रकार. हे मी सौभाग्यवतींना पट्टी आणि खोडरबर घेऊन सप्रयोग समजावून दिले.

ती मटार सोलत होती. सगळे ऐकून घेऊन तिने नकाशाच्या अगदी टोकावर बोट ठेवले. "मला ही हवी."

बोटीचे ते शेवटचे टोक. सुकाणूकडची बाजू. तिथल्या खोल्यांच्या गॅलऱ्या डावीउजवीकडे उघडत नाहीत. त्या थेट मागे उघडतात. बोट तीनशे मीटर लांब, पण रुंदी जेमतेम बत्तीस मीटर. पनामा कालव्याच्या जुन्या दरवाजांतून जाता यावे म्हणून कित्येक वर्षे बोटींची रुंदी एवढीच ठेवीत असत. त्यामुळे लांबीच्या बाजूंना खोल्यांच्या रांगाच रांगा, आणि मागच्या टोकाला मजल्यागणिक मोजून थोड्या. थोड्या म्हणून महाग, आणि महाग असूनही आधी भरणाऱ्या. मी म्हणालो, तिथे बोट जास्तीत जास्त हलते. खाली पंखे फिरतात, त्याने पलंग थरथरतो. धुराड्यातली काजळी गॅलरीत पडते. नाटकगृह पार दुसऱ्या टोकाला, तुझे गुडघे हे असे. आणि तिथून दिसते काय? जे मागे गेले तेच!

"मग मला तेच बघायचं आहे," ती म्हणाली.

आमच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षे झाली. आगगाडीत इंजिनाच्या दिशेने तोंड करून खिडकीशी मी बसतो आणि समोर, मागे पळणाऱ्या झाडांकडे पाहत ती बसते. हे कधी, कुणी ठरवले कोण जाणे. मी ते तिच्या सोशिकपणात जमा केले होते. त्या दिवशी मटार सोलता सोलता तिने जे सांगितले ते इतक्या वर्षांत मला तुकड्यातुकड्यांनी ठाऊक होते. सलग कधी ऐकले नव्हते.

1966 सालच्या मे महिन्यात, आठ वर्षांची असताना, तिने देवगड सोडले. वडील त्या शिमग्याला वारले होते. मामा न्यायला आला होता. पावसाळ्यात बोटी बंद होत. त्याआधीच्या शेवटशेवटच्या बोटींपैकी ती एक. आजी यायला तयार नव्हती. घर, गाय आणि आठ कलमे सोडून ती कुठे येणार? बंदरावरून पडावात बसून ही मंडळी बोटीकडे गेली. वर चढताक्षणी आईला बोट लागली. आंब्याच्या करंड्यांच्या मधल्या जागेत, खाली, आई हिच्या मांडीवर डोके ठेवून पडली. आणि आईचे डोके मांडीवर असताना पोरीने उठायचे कसे? भोंगा झाला, बोट हलली, तिला फक्त करंड्यांवरचा पेंढा दिसत होता. आजी बंदरावर उभी होती. ती किती वेळ उभी राहिली, हात हलवत होती की नाही, ते काही हिला दिसले नाही. आणि आजी गेली ती त्याच श्रावणात. बोटी बंद, पत्र पोचले तेव्हा दहावासुद्धा होऊन गेला होता.

"आईला काही बोलता येईना गं तेव्हा, असं मी कितीदा स्वतःला सांगते," ती म्हणाली. "पण एकदा उठून बघायला काय झालं होतं मला?" आणि मटारचे टरफल चाळणीत नि दाणे केराच्या टोपलीत टाकून ती आत निघून गेली.

मी दाणे वेचून काढले आणि मुलीला मागची खोली कळवली.

आता ती खोली कशी होती ते सांगतो, कारण कुणाला घ्यायची झाल्यास उपयोग होईल. मी म्हटलेले बरेचसे खरे निघाले. बंदर सोडताना आणि धरताना खोली अशी थरथरे की पेल्यातला ब्रश टकटक वाजे. एरवी मात्र नुसती गुणगुण. पूर्वी हा त्रास फार असे म्हणतात. 1998 साली 'एलेशन' या बोटीला प्रथमच विजेवर चालणारे, बोटीच्या पोटाखाली टांगलेले आणि हवे तिकडे वळणारे पंखे बसवण्यात आले, आणि तेव्हापासून प्रवासी बोटींची पिछाडी पुष्कळ सुधारली. काजळी पडली, पण दोनच दिवस, आणि टॉवेलवर. तो टॉवेल माझाच निघावा हा योगायोग. मागच्या गॅलऱ्या पायऱ्यांसारख्या एकीखाली एक पुढे आलेल्या असतात. खालची ऐसपैस, पण वरच्या सगळ्यांना तुमच्या बशीतले दिसते. आमच्या वरच्या मजल्यावरचे आजोबा रोज सकाळी आम्हांला हात करीत. बोट पुढे जात असल्याने समोरचा वारा मात्र अंगावर येत नाही, आणि अलास्काकडच्या गारठ्यात ही मिळकत लहान नव्हे. खोली आवरणारा मुलगा मडगावचा. "काका, माझी खोलीपण मागेच आहे," तो म्हणाला. "सहा मजले खाली. खिडकी तेवढी नाही." नऊ महिन्यांचा करार होता त्याचा, आणि त्यातले पाच उरले होते.

बोट मला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हँकूव्हर बेटाचा आडोसा संपला, क्वीन शार्लट साउंडमध्ये पॅसिफिकची उघडी लाट बाजूने आली, आणि सीसॉ सुरू झाला. सौभाग्यवतींनी मला पलंगावरून ओढून गॅलरीतल्या खुर्चीत बसवले, हातात आलेपाकाची वडी दिली आणि म्हणाली, "त्या रेघेकडे बघत राहा." पाणी आणि आभाळ मिळतात ती रेघ. जगभरचे खलाशी हाच उपाय सांगतात. मी निवडलेल्या त्या शहाण्या मधल्या खोलीतून ही रेघ अशी सलग, टोकापासून टोकापर्यंत, दिसली नसती हे मला कबूल करावे लागले. अर्थात तिथे तिची गरजही कदाचित पडली नसती; पण हे मी तेव्हा बोललो नाही.

ग्लेशियर बेचा दिवस तर मागच्या खोलीचाच. सकाळपासून सगळी बोट नाळेकडे धावली होती, कारण हिमनदी पुढून येणार. मीही गेलो, टोप्यांचे मागचे भाग पाहून परत आलो. 1794 मध्ये कॅप्टन व्हँकूव्हरची माणसे इथे आली तेव्हा ही खाडी नव्हतीच. तोंडाशीच बर्फाची भिंत उभी होती. 1879 मध्ये जॉन म्यूर आला तोवर ती भिंत चाळीस मैलांहून जास्त आत सरकली होती. आज साठ-पासष्ट मैल आत जावे तेव्हा मार्जरी हिमनदी दिसते. मैलभर रुंद, निळसर, मळलेली. बोट तिच्यापुढे जवळजवळ थांबून सावकाश गोल फिरली आणि ती आमच्या गॅलरीसमोर आली. एक कडा सुटला. पडताना आधी दिसला, आवाज नंतर आला. मग बोट निघाली. पुढची मंडळी जेवायला गेली. हिमनदी मात्र पुढचा तासभर आमच्या समोर होती, लहान लहान होत, आणि ही शाल गुंडाळून तिच्याकडे पाहत होती. मी दोनदा बोलायचा प्रयत्न केला. नंतर गप्प बसलो.

जाहिरातीत दाखवतात तो गॅलरीतला सूर्यास्त जाताना मिळत नाही, हेही सांगून ठेवतो. जूनमध्ये तिकडे सूर्य वायव्येला मावळतो आणि बोटही वायव्येलाच जात असते. तो मिळतो परतीच्या वाटेवर, रात्री दहाच्या सुमारास, जागे राहिलात तर.

पण पहिल्या संध्याकाळचे सांगायचे राहिलेच. मुलीने आम्हांला धक्क्यावर सोडले, आणि नातीला घेऊन ती गाडीने स्टॅन्ली पार्कच्या टोकाला, लायन्स गेट पुलाशी, जाऊन उभी राहिली. व्हँकूव्हरहून निघणाऱ्या बोटी या पुलाखालूनच बाहेर पडतात. पुलाखाली एकसष्ट मीटर मोकळी जागा, तरी आपले धुराडे आता घासणार असे वाटल्यावाचून राहत नाही. नातीच्या हातात आजीचीच पिवळी ओढणी होती. पूल डोक्यावरून मागे गेला, आणि गॅलरीतून एकदम ते दोघीजणींचे टोक दिसू लागले. ओढणी हलत होती. हिने कठड्यापाशी उभी राहून हात वर केला तो खाली घेतला नाही. मी दुसऱ्या हाताला आधार द्यायला गेलो तर तिने तो झटकला. माणसे दिसेनाशी झाली, झाडे एकात एक मिसळली; पिवळा ठिपका राहिला. मी उगाच घड्याळ पाहिले. सतरा मिनिटे झाली होती.

माझ्या खिशातला फोन वाजला. मुलगी विचारत होती, "बाबा, गाडी उभी करायची वेळ संपत आली. आम्ही निघू ना?"

मी फोन हिच्या कानाशी धरला.

"थांब गं जरा," ती म्हणाली. "अजून दिसतेयस."