सही राष्ट्रपतींची, वेळ कुणाची?

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं. साताऱ्यासह सहा जिल्हे त्याच्याकडे आले. आमच्या रहिमतपूरसारख्या गावात याचा अर्थ सरळ आहे: जमिनीच्या अपिलासाठी मुंबईच्या खेपा वाचल्या. चर्चा झाली ती अंतराची. पण तिथल्या खुर्चीत कोण बसणार, हे कोण ठरवतं?

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष आपल्या विचारांचे न्यायाधीश उघडपणे निवडतो. आपल्याकडे राष्ट्रपतींची फक्त सही असते. १९९३ च्या निकालापासून नावांबाबत शेवटचा शब्द न्यायाधीशांच्या कॉलेजियमचा. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायिक नियुक्ती आयोगही रद्द केला. मग सरकारच्या हातात उरलं काय? वेळ.

वकील सोमशेखर सुंदरेसन यांचं नाव कॉलेजियमने मुंबईसाठी फेब्रुवारी २०२२ मध्ये सुचवलं. सोशल मीडियावरच्या त्यांच्या मतांवर सरकारने बोट ठेवलं. जानेवारी २०२३ मध्ये कॉलेजियमने तेच नाव पुन्हा पाठवलं. मत मांडल्याने कुणी अपात्र ठरत नाही, असं सांगून. नियुक्ती झाली नोव्हेंबरमध्ये. शिफारस दुसऱ्यांदा एकमताने आली तर तीन-चार आठवड्यांत नियुक्ती व्हावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्येच म्हटलं होतं.

आता दुसरं नाव. आरती साठे आधी महाराष्ट्र भाजपच्या प्रवक्त्या होत्या. त्यांची शिफारस जुलै २०२५ च्या अखेरीस झाली. विरोधकांनी आक्षेप घेतला, पक्षाने त्यांनी आधीच राजीनामा दिल्याचं सांगितलं. ऑगस्टमध्ये नियुक्ती झालीसुद्धा.

राजकारणातून आलेला माणूस वाईट न्यायाधीश होतो, असं मी म्हणत नाही. १९५७ च्या केरळ मंत्रिमंडळातले कृष्णा अय्यर पुढे सर्वोच्च न्यायालयात गाजले. प्रश्न वेगाचा आहे. एकाचं मत अडचण ठरतं, दुसऱ्याचा पक्ष ठरत नाही.

हा खेळ एका पक्षाचाही नाही. आणीबाणीत राजद्रोहाच्या प्रकरणांत जामीन देणारे मुंबईचे अतिरिक्त न्यायाधीश यू. आर. ललित यांना इंदिरा गांधींच्या सरकारने कायम केलंच नाही.

थांबवलेली फाईल निकालपत्रात दिसत नाही. पण ती पाहून रांगेतला पुढचा वकील शहाणा होतो, बोलायच्या आधी दोनदा विचार करतो. कोर्टाचा कल असाही बदलतो, एकही नाव न नाकारता. म्हणून शिफारस कधी आली आणि सही कधी झाली, या दोन तारखांमधलं अंतरही मोजायला हवं. कोल्हापूर जवळ आलं, हे चांगलंच झालं. तिथे सरकारविरुद्ध दाद मागणाऱ्याला न बिचकणारा न्यायाधीश मिळेल का, हे या दुसऱ्या अंतरावर ठरणार आहे.