एवढा मोठा बेडूक

हाँगकाँगला होतो तेव्हा सकाळचा चहा शाम शुई पोमधल्या एका छा छान थेंगमध्ये व्हायचा. आपल्या इराण्याचा चुलतभाऊच म्हणा. तिथे रिकामी खुर्ची दिसली की कुणीही येऊन बसतं. माझ्यासमोर एक म्हातारा बसू लागला. सगळे त्याला ‘आ बाक’ म्हणत, म्हणजे काका.

एकदा चहाचा घोट घेऊन काका मोडक्या इंग्रजीत म्हणाले, “१९५८ साली चा-चा नाचात ब्रूस ली पहिला आला ना, तेव्हा दुसरा मी!”

मागून वेटर ओरडला, “छे ताय फाउ!”

म्हणजे, म्हातारा तोफ हाकतोय, थापा मारतोय. चिनी क्रांतिकारक सन यत्सेनलाही विरोधक ‘तोफवाला सन’ म्हणायचे, हे काकांनीच वर ऐकवलं. घरी जाऊन शोधलं, तर ब्रूस लीनं ती स्पर्धा खरंच जिंकली होती. दूध खरं, विरजण काकांचं.

मग रोज कँटोनीजची शिकवणी. नुसत्या गप्पा म्हणजे ‘पाणी फुंकणं’. फारच फेकत असेल, तर ‘पाणी फुंकून तोंडही पुसत नाही’. बडबड्याची ‘चहापेक्षा थुंकी जास्त’. आपण तोंडाची वाफ दवडतो, यांचं अजून पाणीच आहे!

मला खरा आनंद झाला तो ङ भेटल्याचा. शाळेत ‘वाङ्मय’ सोडलं तर या बिचाऱ्याला काही कामच नव्हतं. इथे दात म्हणजे ‘ङा’, आणि शेखी मिरवणारा तो ‘ङा छात’, शब्दशः दात घासणारा. तरुण पोरं हा ङ खाऊन टाकतात म्हणून काका चिडायचे. मी मात्र ठणठणीत उच्चारायचो, आणि काका टेबलावर थाप मारून दाद द्यायचे.

त्या कौतुकानं मीही चढलो. म्हणालो, “काका, कोकणात आमची आंब्याची बाग आहे. दरवर्षी हापूसची पेटी पाठवीन, फुकट!” बाग कसली, परसात दोन कलमं.

काकांनी कप खाली ठेवला. “एवढा मोठा बेडूक रस्त्यावर उड्या मारतोय होय?”

बेडूक तिकडे चवीनं खातात. असा गलेलठ्ठ बेडूक मोकळा फिरत असेल, तर त्यात काहीतरी काळंबेरं असणारच.

वेटर हसून हसून टेबल पुसायचं विसरला. पेटी अजून गेलेली नाही.