हवा येणार कुठून?

मागच्या वर्षी आम्ही पुण्यात एका जुन्या सोसायटीत सेकंडहँड फ्लॅट घेतला. आधीच्या मालकांनी बाल्कनी आत घेऊन बेडरूम मोठी केली होती. आम्ही खूश! पहिला पावसाळा आला तेव्हा कळलं की बाथरूमची खिडकी, जी पूर्वी बाल्कनीत उघडायची, ती आता बेडरूममध्ये उघडते. म्हणजे बाथरूमला बाहेरची भिंतच उरली नाही. आंघोळ झाली की वाफ बेडरूममध्ये, छताला काळी बुरशी आणि टॉवेल कायम दमट.

म्हटलं, एक्झॉस्ट फॅन बसवू. तपकीर गल्लीत गेलो. दुकानदाराने सहा इंची फॅन पुढे केला. "साहेब, सगळे हाच नेतात." अहो, सगळ्यांच्या भिंतीपलीकडे आकाश असतं, माझ्या भिंतीपलीकडे माझी उशी आहे!

मग शनिवारी एक्सेल उघडलं. (सवय, दुसरं काय!) बाथरूम ५ बाय ७, उंची ८ फूट. म्हणजे २८० घनफूट. तासाला ८ ते १० वेळा हवा बदलायची तर मिनिटाला साधारण ३७ ते ४७ घनफूट हवा बाहेर जायला हवी. ५० धरू. खोक्यावरचा आकडा याहून बराच मोठा असतो, पण तो फॅन मोकळ्यात चालवून मोजलेला. माझ्याकडे बाहेरच्या भिंतीपर्यंत १२ फूट पाइप आणि दोन वळणं. एवढ्यात साधा पात्यांचा फॅन धापा टाकतो. इथे पाइपच्या मध्येच बसणारा, हवेला दाब देणारा इनलाइन फॅन लागतो. पाइपही वळ्यावळ्यांचा नको, गुळगुळीत चार इंची पीव्हीसी हवा. वाफेचं पाणी परत आत येऊ नये म्हणून बाहेरच्या बाजूला थोडा उतार आणि तोंडाशी झडप, कबुतरांसाठी.

एवढा अभ्यास झाला, पण खरेदी 'पुढच्या वीकेंडला'. तोपर्यंत तात्पुरता उपाय म्हणून मी ती खिडकी प्लाय ठोकून बंद केली आणि दाराखाली रबराची पट्टी लावली. वाफ बेडरूममध्ये येणं बंद. स्वतःवर जाम खूश.

त्याच आठवड्यात सांगलीहून आई-बाबा आले. तिसऱ्या दिवशी बाबा आंघोळ करून बाहेर आले ते दाराची चौकट धरूनच. मटकन पलंगावर बसले. डोकं दुखतंय, गरगरतंय. म्हणाले, "पित्त झालं असेल." आई म्हणाली, "काल मलाही आत तसंच झालं." आणि माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. बाथरूममध्ये आधीच्या मालकांचा गॅस गीझर होता!

बाबांना मोकळ्या हवेत नेलं, मग डॉक्टरांकडे. थोडक्यात निभावलं. गॅस गीझर बाथरूममधलाच ऑक्सिजन जाळतो. तो कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. माणसाला नुसतं गरगरतं, आणि कडी काढायचंही त्राण राहत नाही. अशा बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो.

संध्याकाळी मी म्हटलं, "बाबा, आता डबल ताकदीचा फॅन आणतो." बाबांनी आयुष्य एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढलंय. ते शांतपणे म्हणाले, "फॅन हवा बाहेर काढेल रे. पण आत येणार कुठून? तू तर सगळं बुजवलंयस."

एक्सेलमध्ये हा कॉलमच नव्हता. हवा आत यायला वाट नसेल तर कितीही मोठा फॅन नुसताच घरघरतो. वर तो गीझरचा धूरही खाली ओढू शकतो. त्यामुळे फॅन हा गॅस गीझरवरचा इलाज नव्हेच.

गीझर दुसऱ्याच दिवशी काढला, इलेक्ट्रिक बसवला. मग इनलाइन फॅन आला, आंघोळीनंतर १५ मिनिटं चालणाऱ्या टायमरसकट. रबराची पट्टी गेली, आणि सुताराने दार खालून पाऊण इंच कापलं. त्या फटीशी कागद धरला की तो आत ओढला जातो. बाबांनी तो प्रयोग तीनदा करून पाहिला.

बुरशी गेली. तरी बाबा आंघोळीला गेले की आई अजून दाराशी उभी राहून विचारते, "झालं का हो?" आतून 'हो' आलं की मगच स्वयंपाकघरात जाते.

तुमच्या बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर फॅनचं नंतर बघा. आधी तो बाहेर काढा.